शेवंतीचा तळवा

पाळणाघराच्या भिंतीवर, मुलांचे हात पोचणार नाहीत अशा उंचीवर, ताटलीएवढा मुद्रावाचक बसवलेला होता. चौदा महिन्यांच्या विभासने दोन्ही हात वर केले की वाचक सौम्य आवाजात म्हणायचा, "उचल." त्याने तळवा उताणा करून पुढे धरला की, "दे." भरवणाऱ्या बाईचं मनगट ढकललं की, "पुरे."

"अहो, एवढं कळायला यंत्र कशाला लागतं?" पणतवाला न्यायला आलेल्या शरयूताई बिवलकर म्हणाल्या. "आम्ही काय मुलं वाढवलीच नाहीत?"

"वाढवलीत हो आजी," पाळणाघराच्या बाई हसल्या, "पण आता नियम आहे. मूल काय मागत होतं ते कळलं नाही, असं म्हणायची सोय राहिली नाही आम्हाला."

हा वाचक मुळात मुलांसाठी झालाच नव्हता. तो झाला होता चिंपांझींसाठी. आफ्रिकेच्या जंगलांतल्या चिंपांझींच्या हातापायांच्या खुणा शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं टिपल्या आणि त्यांचा कोश केला. मग कुणीतरी तोच कोश बोलायला न लागलेल्या माणसांच्या मुलांना लावून पाहिला, आणि दहातल्या नऊ खुणा जुळल्या. मुलं त्या कुणाकडून शिकत नाहीत, उपजतच घेऊन येतात आणि बोलायला लागली की विसरतात. या खुणांना नाव पडलं आदिमुद्रा. त्या ओळखून माणसाच्या बोलीत सांगणारं यंत्र, तो मुद्रावाचक.

शरयूताईंना हे वर्तमानपत्रातून माहीत होतं. त्याचा आपल्याशी काही संबंध येईल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं. किंवा, खरं सांगायचं तर, वाटलं होतं. म्हणूनच त्या बातम्या त्या शेवटपर्यंत वाचत नसत.

त्याच आठवड्यात डॉ. केतकी वाळुंजकर त्यांच्या घरी आली. चौतिशीची, केस आखूड कापलेले, पाठीवर भलीमोठी सॅक. चहा ठेवण्याआधीच ती वाकून पाया पडली.

"अगं, हे काय!"

"आजी, माझा सगळा प्रबंध तुमच्या नोंदींवर उभा आहे. बिवलकर नोंदी म्हणून शिकवतात आम्हाला. आठ वर्षांत एक नोंद चुकलेली नाही तुमची."

शरयूताईंनी मंद आचेवर चहा ठेवला. त्रेपन्न वर्षांपूर्वी त्या सह्याद्रीतल्या एका कपी अभ्यास केंद्रात नोंदी ठेवायच्या कामावर होत्या. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान या आपल्या बिनशेपटीच्या भावकीला आता सगळे कपी म्हणत. तेव्हा गावातली माणसं त्या केंद्राला 'माकडांचं हापिस' म्हणायची. डोंगरातली हवा, लाल मातीचा रस्ता, दुपारी जाळ्यांवर पडणारी जांभळीची सावली. शरयूताईंना आयुष्यातली दुसरी कुठली नोकरी इतकी आवडली नव्हती. त्यांचं काम सोपं होतं. स्टुलावर बसायचं, एकेका चिंपांझीला तास तास पाहायचं आणि नोंदवहीत 'वर्तन' या रकान्यात एक शब्द लिहायचा. शब्द चारच ठरलेले: शांत, खेळकर, भयभीत, आक्रमक. पाचवा लिहायचा नाही.

"पण मला एक सांग," त्यांनी विषय बदलला, "आमच्या ठाकूरबाई शाळेत सांगायच्या, माणूस माकडापासून झाला. आणि आमच्या बाकाकडे बघून म्हणायच्या, काही अजून व्हायचेत. तेच ना हे?"

केतकी हसली. "नाही आजी. आपण त्यांच्यापासून झालो नाही, ते आपली सख्खी चुलत भावंडं. असं बघा. दोन बहिणी दोन लांबच्या गावी दिल्या. पुन्हा कधी भेट नाही. पण दोघींच्या हातची कटाची आमटी एकाच चवीची. तर ती चव कुठून आली?"

"आईकडून. दुसरं कुठून येणार?"

"झालं तर. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी एक आई होती. ना माणूस, ना चिंपांझी. तिच्या लेकी दोन वाटांनी गेल्या. ही खुणांची भाषा तिची. आपण नंतर तोंडाने बोलायला लागलो आणि आईची बोली विसरलो. त्यांनी ठेवली."

मग केतकीने सॅकमधून पडदा काढून उभा केला. केंद्र बंद पडताना तळघरात राहिलेल्या टेपा सापडल्या होत्या. देशातल्या प्रत्येक बंदिस्त कपीचं दप्तर तपासायला सरकारने कपी आयोग नेमला होता, आणि जुनं चित्रण वाचकातून काढायचं काम केतकीकडे होतं.

"मैना आठवते तुम्हाला? शेवंतीची मुलगी?"

"मैना!" शरयूताईंचा आवाज फाटला. "आहे ती?"

"पंचावन्न वर्षांची आहे. आणि पहिली दोन सोडली तर सगळी वर्षं एकटी. दप्तरात लिहिलंय, 'आक्रमक मातेची संतती.' पाच ठिकाणं बदलली, पण तो शेरा बरोबर गेला. कुणी तिला दुसऱ्या चिंपांझीजवळ सोडायला धजावलं नाही. आता ती आहे त्या अभयारण्यात सात जणींचा कळप आहे. भिंतीपलीकडून आवाज ऐकते त्यांचे." केतकी थांबली. "तिच्या खोलीतलं चित्रणही आम्ही वाचलं. रोज, दिवसातून शंभरदा, समोरच्या भिंतीकडे हात करून एकच मुद्रा. 'ये.'"

चहा उतू गेला. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

"शेरा काढायचा तर मूळ नोंदीपर्यंत जावं लागतं," केतकी म्हणाली. "ती तुमच्या अक्षरातली आहे. बघा."

पडद्यावर अठ्ठावीस वर्षांची शरयू स्टुलावर बसलेली होती. मांडीवर नोंदवही, खांद्यावरून पुढे आलेली वेणी. जाळीपलीकडे शेवंती. पोटाशी घट्ट चिकटलेली मैना. शेवंती चार पावलं चालली, थांबली, खांद्यावरून मागे वळून तिने शरयूकडे पाहिलं. मग मागचा एक पाय उचलला आणि तळवा तिच्याकडे करून तसाच धरून ठेवला.

टेपेवर एका पुरुषाचं हसणं ऐकू आलं. पिंजऱ्यांची झाडलोट करणारे बारकूमामा. "बाईसाहेब, लाथ दाखवते बघा तुम्हाला! सासू शोभते!"

"सगळे असंच समजले," केतकी म्हणाली. "आपल्याकडे कुणाला पाय दाखवणं म्हणजे अपमानच. लहानपणी पाय पसरून बसलं तरी ओरडायचे. आता वाचक लावते."

चित्र मागे गेलं. शेवंतीने पुन्हा तळवा दाखवला, आणि पाळणाघरातला तोच सौम्य आवाज म्हणाला, "ये. चढ माझ्यावर. निघू या."

"ही मुद्रा फक्त आई करते," केतकी हळू बोलत होती. "जागा सोडून निघताना, मागे राहिलेल्या आपल्या पिलाला. दुसऱ्या कुणाला केल्याची एकही नोंद नाही. पण मैना तर पोटाशीच आहे. मग ती कुणाला बोलावते आहे, आजी?"

शरयूताई पडद्यावरच्या त्या मुलीकडे पाहत होत्या. ती मुलगी त्या दिवसांत कशी दिसायची हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. पोटातलं मूल पाचव्या महिन्यात गेल्यावर तीन आठवड्यांनी ती कामावर परतली होती. पडद्यावरची मुलगी हलत नव्हती, डबा उघडत नव्हती, नुसती बसून होती. शेवंतीला काय दिसलं असेल? रोज एकाच जागी बसणारं, न खाणारं, न खेळणारं, कुणीतरी टाकून गेलेलं एक मोठं पिल्लू.

"आयोगापुढे एवढंच सांगायचंय," केतकी पडदा मिटत म्हणाली. "ही नोंद गैरसमजातून झाली. तुमचा दोष नाही, तेव्हा कोशच नव्हता. मग फेरतपासणी होईल."

"किती दिवस लागतील?"

"दीड-दोन वर्षं. कागदी कामं, तुम्हाला माहीतच आहे. तिचं हृदय थकलंय हो. हिवाळा काढेल की नाही, सांगता येत नाही. नोंद जाणूनबुजून खोटी असती तर गोष्ट वेगळी होती. खोटी नोंद त्याच दिवशी रद्द होते. पण ते तुमच्या बाबतीत..." ती पुन्हा हसली. तिच्या दृष्टीने ते अशक्यच होतं.

शरयूताईंनी त्या आठवड्यात मुलाला दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून ठेवला. काय सांगणार होत्या? त्याच्या आईची सगळी अब्रू त्या आठ वर्षांच्या नोंदींत होती. त्याने दिवाणखान्यात तिच्या सत्काराचा फोटो लावला होता. गैरसमज झाला असं म्हटलं तर ते खोटंही नव्हतं. पायाचा अर्थ त्यांना खरंच कळला नव्हता. तेवढं बोलून परत येता आलं असतं.

आयोगाच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. खोली लहान होती, पंखा किरकिरत होता. केतकी बाजूच्या खुर्चीत, मांडीवर नोंदवहीची छायाप्रत घेऊन बसली होती.

"बिवलकरबाई, एका महिन्यात तीनदा 'आक्रमक' लिहिलं आहे. हे अक्षर तुमचं?"

"हो."

"त्या पायाच्या खुणेमुळे लिहिलंत? गैरसमज झाला?"

केतकीने मान डोलावली, जणू तीच उत्तर देत होती.

"खुणेचा गैरसमज झाला," शरयूताई म्हणाल्या. "नोंदीचा नाही."

"म्हणजे?"

"चिंपांझी आक्रमक झाला की अंगावरचे केस ताठ उभे राहतात. ओठ आवळले जातात, तो जाळीवर धावून येतो. नवीन मुलींना मीच शिकवायची हे. शेवंतीचा एकही केस उभा नव्हता. ती शांत होती. तीनही वेळा शांत होती, आणि मला ते दिसत होतं."

"मग आक्रमक का लिहिलंत?"



"तिच्या पोटाशी मूल होतं आणि माझं नुकतंच गेलं होतं. ती रोज माझ्याकडे वळून पाय दाखवायची. दुसऱ्या कुणाला नाही, मलाच. मला वाटलं, ही मला हिणवते. माकडीणसुद्धा मला हिणवते. महिन्यात तीन 'आक्रमक' नोंदी झाल्या की जनावराचं नाव रवानगीच्या यादीत जायचं, बाहेरच्या प्रयोगशाळेत, रोगाच्या लशी टोचायला. हा नियम मला पाठ होता. दोनदा लिहिलं तेव्हा रागात होते, असं म्हणता येईल. तिसऱ्यांदा लिहिलं त्या दिवशी राग नव्हता. मी पेन झटकून, नीट अक्षरात लिहिलं."

"तिचं पुढे काय झालं?"

"चौदा महिने जगली म्हणतात. मैनेला ओढून काढायला दोन माणसं लागली. पिंजरा गाडीत चढवताना तिने मला पुन्हा पाय दाखवला." शरयूताईंनी पाणी मागितलं, पण प्यायल्या नाहीत. "तेव्हा मी तोंड फिरवलं. बघा बघा, जाता जाता पण, असं म्हणाले बारकूमामांना."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला कल्पना आहे ना, एक नोंद जाणूनबुजून खोटी ठरली की तुमच्या आठही वर्षांच्या नोंदी संशोधनातून बाद होतात?"

"आहे."

केतकीच्या मांडीवरचे कागद खाली घसरले. ते गोळा करायला ती बराच वेळ वाकून राहिली.

शेरा त्याच दुपारी रद्द झाला. मैनेला कळपाच्या शेजारच्या खोलीत हलवलं, मधली भिंत काढून जाळी लावली. आठवडाभराने ती जाळीही उघडायची ठरली. हे सगळं केतकीने कोरड्या शब्दांत फोनवर कळवलं. शेवटी म्हणाली, "यायचं असेल तर मंगळवारी या. तिला भेटता येईल."

मंगळवारी गाडीत केतकी सरळ समोर बघत होती. तिला आता 'आजी' म्हणणं जमत नव्हतं, आणि शरयूताईंनीही ती अपेक्षा ठेवली नव्हती. अभयारण्याच्या फाटकाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "केतकी, कोशात माफी मागायची मुद्रा कुठली?"

केतकीने गाडी थांबवली. "नाही तशी."

"अगं, एवढ्या साठ-सत्तर मुद्रा आहेत..."

"सगळ्या पुढच्या आहेत. दे, ये, थांब, उचल, निघू या. झालेल्या गोष्टीबद्दल एकही नाही. ती लाखो वर्षांपूर्वीची आई पोटातलं मागू शकत होती, मनातलं सांगू शकत नव्हती." मग जरा नरमून म्हणाली, "माफीची गरज आपल्यालाच पडली असावी. नंतर."

मैना जाळीशी पाठ करून बसली होती. कमरेखालचे केस झडलेले, खांदे राखाडी. शरयूताईंना धापा टाकत खाली बसलेलं पाहून तिने मान वळवली. डोळे हुबेहूब शेवंतीचे. शरयूताई वाट पाहू लागल्या, कशाची ते त्यांनाही माहीत नव्हतं. थुंकली असती, जाळीवर धावून आली असती, तर त्यांना ते पुरलं असतं.

मैनेने सावकाश हात मागे नेला आणि पाठीवर एक लांब, आवाज करणारा ओरखडा ओढला.

"इथे," भिंतीवरचा वाचक म्हणाला. "केस विंचर."

शरयूताईंनी जाळीतून बोटं आत घातली. त्या केस बाजूला करत गेल्या, कोंडा काढत गेल्या. थांबल्या की वाचक म्हणायचा, "अजून." बोटं आखडली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा हात मागे घेतला.

मैना वळली. तिने तो हात जाळीतूनच अलगद धरला, मनगटाशी वाकून पाहिलं आणि सुरकुत्यांच्या घड्या एकेक उघडून, ओठ पुढे काढून, त्यात काही रुततंय का, काही खुपतंय का, ते मन लावून शोधू लागली. आईने मुलाच्या पायातला काटा शोधावा तशी.

"मैना," शरयूताई म्हणाल्या. "मैना, मी..."

पुढचं त्या बोलल्या असत्या तरी तिला कळणार नव्हतं. केतकीने वाचकाकडे पाहिलं. तो काहीच बोलला नव्हता. मैना काही मागत नव्हती.