मानेची डावी बाजू

या, जवळ बसा. उद्यापासून तुम्ही पोरं सोनोग्राफीच्या खोलीत काम शिकणार, म्हणून आजच सांगून टाकतो. ही मशिनं दुरुस्त करण्यात माझी उभी हयात गेली. ज्याच्यावर हे बेतलं त्या डॉक्टरनं स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं, आणि तो थापा मारायचा त्या फक्त रिपोर्टात.

त्याला आम्ही 'दोन मिनिटं' म्हणायचो. कुठलीही तपासणी दोन मिनिटांत उरकणार, वर ऐट अशी की जशी काही मेहेरबानीच केली. आता डॉपलर म्हणजे काय? मानेवर जेल लावून प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा दांडा, टेकवायचा आणि रक्त किती वेगानं वाहतंय ते ऐकायचं, मोजायचं. पाइपचं तोंड चिमटीत दाबलं की पाणी कसं जोरात उडतं? तसंच. रक्तवाहिनी जिथे अरुंद, तिथे वेग जास्त. मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्या मानेच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून दोन्ही बघायच्या. पण या पठ्ठ्याला पेशंटची उजवी बाजू बसल्या जागी हाताशी यायची. डावीसाठी उठून ओणवं व्हावं लागे. एवढे कष्ट कोण घेतो? हा उजवीचंच चित्र दुसऱ्यांदा साठवायचा आणि त्यावर 'डावी' असं लिहून मोकळा व्हायचा.

एकदा एक म्हातारा शिंपी आला. काम करता करता त्याच्या उजव्या हातातून कात्री गळून पडायची. उजवा हात मेंदूच्या डाव्या बाजूच्या ताब्यात, तेव्हा थोडी अक्कल असलेला माणूस आधी डावी मान बघेल. बिचाऱ्या शिंप्यानं विचारलंसुद्धा, "डॉक्टरसाहेब, इकडची बाजू राहिली वाटतं?"

"मशीनला सगळं दिसतं, आजोबा. तुम्ही आपले कपडे शिवा."

रिपोर्ट आला, दोन्ही बाजू नॉर्मल. अकराव्या दिवशी शिंपी दुकानातच कोसळला. वाचला नाही.

महिन्याभरानं त्याच्या बायकोचा फोन आला. नवऱ्याची सगळी चित्रं उद्या सकाळी हवीत, मोठ्या हॉस्पिटलात दाखवायचीत. झाली का पंचाईत! दोन्ही चित्रं शेजारी ठेवली असती तर आंधळ्यालाही कळलं असतं की चित्र एकच आहे. डिग्रीच गेली असती. मग साहेब घरी म्हणाले, "चष्मा विसरलोय, घेऊन येतो." मंगळवार होता, रात्रीचे पावणेनऊ.

दवाखाना उघडला. दिवा लावला नाही, चोर कधी लावतो का? मशीन सुरू करून शिंप्याचं नाव शोधलं आणि चित्रं पुसली. मशीननं विचारलं, नक्की? यानं बटण दाबलं, नक्की. मेलेल्या माणसाची लाज वाटावी इतका तो सरळ नव्हता.

आणि स्पीकर सुरू झाला.

हूश... हूश...

प्रोब हुकात. कोरडा. बिघाड असेल, असं त्याला वाटलं. त्यानं आवाज कमी केला. आवाज कमी होईना. मग त्याची पट्टी चढली. चिरका झाला. शिट्टीसारखा. पडद्यावर वेगाचे आकडे चढायला लागले. धडधाकट माणसाचे सव्वाशेच्या आत हवेत. दोनशे... तीनशे... चारशे दहा.

त्यानं प्लग उपटला.

आवाज चालूच...

मागे तपासणीच्या टेबलावरचा कागद सळसळला. कुणी उशीवर मान वळवावी तसा. एकदाच.

मग शांत. कोणीतरी वाट बघत होतं...

दुसऱ्यांच्या जिवाशी खेळणारा हा शूरवीर! मागे वळून पाहायचीही छाती झाली नाही. पायातल्या चपला तिथेच टाकून पळाला.

सकाळी तो फिरकलाच नाही. रिसेप्शनवरच्या बाईनं प्लग लावून मशीन सुरू केलं. शिंप्याच्या नावावर एकच चित्र होतं, त्यावर 'डावी' लिहिलेलं. ते छापून तिनं त्याच्या बायकोच्या हातात दिलं.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि खुर्चीतून उठल्याच. "डावी वाहिनी बंद पडत आलीय. पेशंट कुठेत? आजच्या आज ऑपरेशन करायला हवं."

"त्यांना जाऊन महिना झाला हो."

 डॉक्टरीणबाईंनी कागद पुन्हा पाहिला... आणि तो हळूच तिच्यापुढे सरकवला.

कोपऱ्यात तारीख होती, कालची. रात्रीचे आठ वाजून छप्पन्न मिनिटं. खाली नाडीचे ठोके, बहात्तर.