जस्ताची बादली

प्रेम माणसाला उंच नेतं म्हणतात. वनरक्षकाला मात्र त्याने ओणवं करून झाडाच्या मुळाशी माती उकरायला लावलं. आज इतक्या वर्षांनीही हवा कुंद झाली की त्याच्या कमरेला ते दिवस आठवतात.

ती संशोधक, रस्ता चुकून वनचौकीत आली होती. धातू गाळायच्या जुन्या कारखान्यालगतच्या जंगलात मुळांवरच्या बुरशीचं काय झालं, हे तिला शोधायचं होतं. तुलनेसाठी डोंगरापलीकडच्या स्वच्छ जंगलातली मातीही हवी होती. दोन दिवसांत तिचं नाव पडलं — बुरशीबाई.

एकदा तिने त्याला सूक्ष्मदर्शकातून मुळाचं टोक दाखवलं. पांढरा, मऊ मोजा चढवल्यासारखं.

"ही बुरशी झाडाला पाणी पुरवते. झाड तिला साखर देतं."

"म्हणजे संसारच की, मॅडम."

"जमिनीत जस्त, शिसं वाढलं की बऱ्याच बुरश्या मरतात. काही तग धरतात. धातू स्वतःत अडवतात, झाडापर्यंत फारसा जाऊ देत नाहीत."

"अशी एखादी... आमच्याही नशिबी यावी."

"बुरशी?" भिंगावरचा डोळा न हलवता तिने विचारलं. कानाची पाळी मात्र लाल झाली होती.

तिचा मुक्काम संपत आला आणि प्रयोगशाळेचा अहवाल आला. स्वच्छ जंगलातल्या मातीत कारखान्यालगतच्या मातीइतकंच जस्त! वनरक्षक कोपऱ्यातल्या बादलीकडे बघत राहिला. पत्र्याची, वर जस्ताचा मुलामा. स्वच्छ जंगलातली ओली माती त्याने हिच्यातूनच आणली होती, आणि ती आठवडाभर हिच्यातच मुरली होती.

"घोळ माझा आहे, मॅडम. प्रयोगशाळेतल्या तुमच्या सरांना माझं नाव सांगा."

"बादली मला पहिल्याच दिवशी दिसली होती."

"मग बोलल्या का नाहीत?"

"नमुने बिघडले की पुन्हा घ्यावे लागतात." ती हातमोज्याचं बोट ओढत राहिली. "आणखी एक हंगाम... इथेच राहावं लागतं."

तो स्टोव्हकडे वळत म्हणाला, "चहा... टाकू?"

"टाक," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

तिने सरांना कळवलं की नमुने बिघडलेत, पुन्हा घ्यायला हवेत. सरांना ते पटलं. ती सामान आणायला म्हणून शहरात गेली. इकडे त्याने चौकीची मागची खोली चुना लावून पांढरीफेक केली, खिडकीला नवी काच बसवली.

हंगाम सुरू झाला. जीपमधून उतरला तो सरांचा भाचा; तिच्याऐवजी नमुने घ्यायला सरांनी त्याला पाठवलं होतं.