चुडाव्यात बर्फ पडला त्या संध्याकाळी

चुडाव्यात बर्फ पडला तो भर वैशाखात. साल पंच्याहत्तर. दिवस मावळला तरी भिंती तापलेल्या होत्या आणि शाळेच्या मोठ्या खोलीत अख्खं गाव घामाघूम होऊन मांडीला मांडी लावून बसलं होतं. अशात पांढऱ्या पडद्यावर एक पूल उमटला आणि सगळ्यांचे हातपंखे जागच्या जागी थांबले.

पुलाच्या दोन्ही अंगांना दगडी पुतळे ओळीनं उभे होते. कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या पुढं केलेल्या तळहातावर पांढराशुभ्र बर्फ साचला होता. पलीकडं टेकडीवर राजवाडा, आणि त्याच्या खाली नुसती छपरंच छपरं, जिनिंगच्या अंगणात कापूस पसरावा तशी.

"आरारारा!" कुणीतरी म्हणालं. "समदं गाव पिंजून ठेवलंय की!"

"हे प्राग," यंत्राशेजारी उभी असलेली सत्यशीला म्हणाली. "मी राहते ते शहर. सहाशे वर्षांचा पूल आहे हा."

सत्यशीला म्हणजे रेल्वेत रुळांचे सांधे बदलून निवृत्त झालेल्या सिताराम सांधेवाल्याची लेक. साखरेच्या रसायनाचा अभ्यास करायला सरकारी शिष्यवृत्तीवर तिकडं गेलेली. आईच्या ऑपरेशनसाठी म्हणून घरी आली, येताना चित्रं दाखवायचं छोटं यंत्रही घेऊन आली. हेडमास्तर दिनकरराव अशी संधी थोडीच सोडतात! त्यांनी गाव गोळा केलं आणि परभणीहून आपले जुने वर्गमित्र महालिंगअप्पा यांनाही बोलावून घेतलं.

महालिंगअप्पांचा धंदा खाजगी तपासाचा. परभणीत असा धंदा करणारा दुसरा माणूस नव्हता, म्हणून अप्पाच पहिले आणि अप्पाच शेवटचे. त्यांच्याबरोबर दत्तराव आलेच. तहसिलीतून निवृत्त झाल्यापासून दत्तराव म्हणजे अप्पांची सावली. अक्कलही सावलीइतकीच, असं अप्पा चिडले की म्हणत.

पण आज दत्तरावांना अकलेची गरजच नव्हती. ते तोंड उघडं टाकून बघत होते. औरंगाबादच्या पलीकडं त्यांनी जग पाहिलं नव्हतं, आणि जग असं असतं हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. एकच गोष्ट त्यांना खटकत होती. पडद्याचं कापड इतकं पातळ होतं की मागच्या फळ्याची चौकट त्यातून अंधुक दिसायची.

"लिंगराज, कापड दिलंस का मच्छरदाणी?" त्यांनी कापड दुकानवाल्या लिंगराजला हळूच टोमणा मारला.

"फुकटात मलमल दिली, काका. जाड मांजरपाट पाहिजे होता तर तसं बोलायचं," असं म्हणून लिंगराज हसला आणि जरा वेळानं वाऱ्याला बाहेर जाऊन आला.

पुढचं चित्र नदीकाठचं होतं. काळ्या ओव्हरकोटातला एक म्हातारा उजव्या हातानं पाव मोडून हंसांना घालत होता. एका हंसानं मान लांबवून तो जवळजवळ त्याच्या बोटांतूनच घेतला होता. दत्तरावांच्या अंगावर काटा आला. हंस त्यांनी फक्त सरस्वतीच्या तसबिरीत पाहिला होता.

मग जुना चौक आला. बर्फात बुडालेला चौक, मागं दोन टोकदार मनोऱ्यांचं देऊळ, आणि एका बुरुजावर भलंमोठं घड्याळ. चौकातले सगळे दिवे लागले होते. तेवढ्यात बाहेर पाणी प्यायला गेलेल्या सुलाबाई, सत्यशीलेच्या आई, परत आल्या आणि अंधारात दत्तरावांच्या पायावर पाय देऊन पुढं सरकल्या.

"अप्पा," पाय चोळत दत्तराव कुजबुजले, "पावणेचार वाजलेत बघा घड्याळात. दुपारच्या पावणेचारला दिवे! काय मुलुख म्हणायचा हा!"

अप्पांचं लक्ष पडद्यावरच होतं. त्यांच्यासुद्धा तोंडातली सुपारी चघळायची राहून गेली होती.

चित्रं संपली, दिवा लागला, टाळ्यांनी खोली दणाणली. सत्यशीला हसत पडद्यामागं गेली. तिथं मास्तरांच्या टेबलावर तिची पिशवी होती, आणि मागचं अंगणात उघडणारं दार वाऱ्यासाठी सताड उघडं ठेवलेलं होतं.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. तिनं अप्पांना बाजूला घेतलं.

"अप्पा, माझा पासपोर्ट गेला. विमानाचं तिकीटही त्यातच होतं."

"कधी निघायचं होतं?"

"शुक्रवारी, मुंबईहून. नवा काढायचा तर पावसाळा सरेल. तोवर परीक्षा होऊन जाईल, आणि परीक्षा चुकली की शिष्यवृत्ती बंद. मग मला परत जाता येणारच नाही."

"पोलिसांत कळवू या," दत्तराव म्हणाले.

"नको!" सत्यशीला एकदम म्हणाली. "ते पहिलं माझ्या मायला धरतील. तिनं सगळ्या गावात सांगून ठेवलंय, त्यो पासपोर्ट मी चुलीत घालणार म्हणून."

अप्पांनी मान हलवली. "ठीक. पडदा काढू नका. यंत्र हलवू नका. सकाळी बघू."

सकाळी अप्पा शाळेच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसले. दिनकरराव कार्यक्रमभर यंत्रापासून हलले नव्हते, सत्यशीला त्यांच्या शेजारीच होती. गर्दीतून कोण कोण उठलं ते त्या दोघांना विचारलं, तर नावं दोनच निघाली. सुलाबाई आणि लिंगराज. अप्पांनी त्यांच्या जोडीला सितारामलाही बोलावलं.

पहिल्या आल्या सुलाबाई. पदर खोचून, भांडायच्याच तयारीनं.

"व्हय, म्हनले व्हते चुलीत घालीन! पर सगळ्या गावाला सांगून कुनी चोरी करतं का वो? घसा सुकला म्हनून मी पानी प्यायला गेले. अंगनातून गेले अन् अंगनातून आले."

"बरं, चित्र कोणतं आवडलं तुम्हाला?" अप्पांनी विचारलं.

दत्तरावांनी कपाळाला हात लावला. इथं पोरीचं आयुष्य टांगणीला लागलंय आणि या माणसाला चित्रांची पडलीय!

"आवडायचं काय त्यात?" सुलाबाईंचा आवाज खाली आला. "देखनं हाय, न्हाई कोन म्हनतंय. पर येवढी छपरं, अन् रस्त्यात मानूस न्हाई. तिथं पोरीनं हाक मारली तर ओ कोन देईल? मागच्या हिवाळ्यात बर्फावरून पडली, दवाखान्यात पडून व्हती. आमाला आत्ता कळलं. मला रातच्याला सांगत व्हती, हळू आवाजात."

"आणि हंस? ते पाहिले?"

"कोन्ते हंस? मी तवा भाईर असन."

मग लिंगराज आला. तो आणि सत्यशीला पूर्णेच्या शाळेत एका वर्गात होते, हे दत्तरावांनी लगेच कानाशी सांगितलं आणि डोळाही मिचकावला.

"दोनदा गेलो बाहेर, कबूल," लिंगराज म्हणाला. "लय उकडायलंतं. तिनं जाऊ नये असं वाटतं का, विचाराल. वाटतं. पण तिची वाट अडवून मला काय मिळणार?"

"चित्र कोणतं आवडलं?"

"हंसाचं. म्हाताऱ्यानं उजव्या हातानं पाव पुढं केलाय अन् हंस बिनधास्त खायलाय. घड्याळाचं म्हणे लय भारी होतं, ते माझं हुकलं. परत उठलो होतो ना!"

शेवटी सिताराम आला. उंच, वाळका, पांढरी टोपी, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. "जयभीम, अप्पा," म्हणून तो अदबीनं उभा राहिला. या माणसानं लेकीला शिकवण्यासाठी काय केलं नव्हतं! जोडीच्या माणसांनी पोरींची लग्नं लावली, यानं पोरीला औरंगाबादला वसतिगृहात नेऊन सोडलं. दत्तरावांनी उठून त्याला स्वतःची खुर्ची दिली.

"मी जागचा हाललो न्हाई," सिताराम म्हणाला. "समद्यात मागं, पुढच्या दाराला टेकून हुबा व्हतो. कोन आलं, कोन गेलं, काय बी ध्यानात न्हाई. नजर समदी चित्रात."

"कोणतं आवडलं?"

सितारामनं टोपी नीट केली. मग त्याचा चेहरा उजळला.

"कोन्तं म्हनून सांगू? त्यो चौक! सकाळचे सव्वाआठ वाजलेत अन् दिवे अजून जळायलेत. आमी रातपाळी करून उतरताना असंच दिसायचं बगा, दिवे बी अन् उजेड बी. अन् त्यो नदीवरचा म्हातारा! डाव्या हातानं खाऊ घालायलाय. आपल्यात डाव्या हातानं कुत्र्याला बी कुनी तुकडा टाकत न्हाई. मंग म्हनलं, मुलुख निराळा, रीत निराळी."

तो गेल्यावर दत्तराव हळहळले. "बिचारा! डोळे गेले हो म्हाताऱ्याचे. पावणेचारचे सव्वाआठ केले."

"डोळे गेले असते तर हात कसा दिसला असता?" अप्पा म्हणाले. "दत्तराव, आता तुमचं अनुमान सांगा."

"लिंगराज," दत्तराव ठासून म्हणाले. "प्रेमात माणूस काय वाट्टेल ते करतो. दोनदा बाहेर गेला, स्वतःच सांगतोय."

"स्वतःच सांगतोय," अप्पांनी मान डोलावली. "तेच तर."

दुपारी शाळेच्या खिडक्या लावून अंधार केला. सत्यशीला, सुलाबाई, सिताराम, लिंगराज असे चौघं सतरंजीवर बसले. दिनकरराव यंत्रापाशी उभे राहिले.

"दत्तराव, तुम्ही पडद्याच्या मागं जा. टेबलाजवळ उभे राहा."

"मी? मागं?" दत्तरावांना राग आला. शेवटचा उलगडा होणार आणि आपण फळ्याकडं तोंड करून उभं राहायचं! पण सावलीला कुठं मर्जी असते? ते गेले.

"लावा, दिनकरराव. चौकाचं चित्र."

पडदा उजळला. मागं उभ्या दत्तरावांच्या अंगावर निळसर उजेड पडला. त्यांनी वळून मान वर केली आणि राग विसरले. मागून तर ते शहर आणखीच जवळ होतं, हात लांब केला तर बर्फ बोटाला लागावा असं.

"घड्याळात किती वाजले?" पलीकडून अप्पांनी विचारलं.

"पावणे..." दत्तराव अडखळले. त्यांनी डोळे चोळले. "अप्पा! सव्वाआठ!"

"आता नदीचं लावा. म्हातारा कोणत्या हातानं खाऊ घालतोय?"

"डाव्या!" दत्तराव ओरडले, आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो पडायला नको होता असं त्यांना त्याच क्षणी वाटलं.

"लहानपणी जत्रेत तंबूतला सिनेमा बघायचो," अप्पा सावकाश बोलत होते. "पुढं जागा नसली की पडद्यामागं बसायचो. नायक डाव्या हातानं जेवायचा, गाडी उलट्या दिशेनं पळायची. कापड पातळ असलं की मागून सगळं दिसतं, फक्त उलटं. पावणेचारला आरशात बघा, बरोबर सव्वाआठ दिसतात. सुलाबाई बाहेर गेल्या, त्यांनी सांगितलं. लिंगराज गेला, त्यानंही सांगितलं, आणि हंस त्यानं पुढूनच पाहिला. मी जागचा हललो नाही असं सांगणारा एकच माणूस होता. आणि त्यानं दोन्ही चित्रं मागून पाहिली. टेबलाजवळून. जन्मभर गाडीच्या वेळेवर जगलेला सांधेवाला घड्याळ चुकीचं वाचत नाही, सितारामभाऊ. तुम्ही बरोबरच वाचलं. फक्त उभे भलत्या जागी होता."

दत्तराव पडद्याच्या कडेनं बाहेर आले तेव्हा सिताराम सदऱ्याची वरची गुंडी काढत होता. त्यानं आतून पासपोर्ट काढला आणि सतरंजीवर लेकीपुढं ठेवला. तो घामानं दमट झाला होता.

"आबा?" सत्यशीला म्हणाली.

"तू मायला सांगत व्हतीस, मी भिंतीआड व्हतो," सिताराम खाली मान घालून बोलला. "बर्फावर पडले, आठ दिस पडून व्हते, आपलं मानूस कोनी न्हाई, असं म्हनत व्हतीस. मला झोप न्हाई तवापासून. माय तोंडानं वरडत व्हती, तिला तोंड हाय. मी कोन्त्या तोंडानं म्हनू? शिक, फुडं जा, मागं बगू नको, हे मीच म्हनलेलं. मागच्या दारानं आलो, पिशवीत हात घातला, अन् वळलो. तर समोर ते हंस. ते गेले, तर त्यो चौक." त्यानं पडद्याकडं पाहिलं. "पाय जमिनीला खिळले, माय. येवढं मोठं, येवढं देखनं. माझी लेक त्या चौकातून रोज जाती! म्हनलं, सित्या, तू काय करायलास? ठेवून देतो म्हनलं परत. अन् तेवढ्यात दिवा लागला."

सुलाबाई डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. "अन् गाव मला चोर म्हनायलंय," त्या पुटपुटल्या, पण त्यात जोर नव्हता.

अप्पा खिडकीकडं तोंड करून उभे राहिले. दत्तराव उगाच पडद्याचं टोक सारखं करू लागले. गुन्हेगार सापडला की त्यांना नेहमी आनंद व्हायचा, आज मात्र तो झाला नाही.

सत्यशीलेनं पासपोर्ट उचलला नाही. ती बापाकडं बघत होती.

"आबा, तुम्ही एकदा तोंडानं म्हणायचं होतं. नको जाऊ म्हणाला असता तर मी गेलेच नसते."

"ठावं हाय मला," सिताराम म्हणाला. "म्हनून तर म्हनलो न्हाई."

मग त्यानं पासपोर्ट उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसून कोरडा केला आणि लेकीच्या हातात दिला. तिची बोटं मिटेपर्यंत त्यानं आपला हात काढला नाही.

"जा, माय," तो म्हणाला. "आता त्यो चौक बगून म्हनायलोय. जा."