सवतीचा धूर

कुणाला पटो न पटो, हे माझ्या घरात घडलंय.

१८ नोव्हेंबर २००३. वारंगा फाट्यावर मी सिगारेट पेटवली होती. तेवढ्यात एसटीडीवाला ओरडला, "मसाजी, घरून फोन हाय... वहिनी गेल्या."

माझी कौशल्या.

तिनं उभ्या जन्मात धूर ओढला नाही. माझाच धूर तिच्या छातीत गेला. सिगारेटला ती सवत म्हणायची. मी पेटवली की दोनदा खोकायची, बांगड्या वाजवायची. "आली व्हय तुमची दुसरी?"

पाकीट खिशातच राहिलं. मी सिगारेट सोडली.

तेराव्यानंतर शेजारची रेवती आली. हिंगोलीच्या कॉलेजात शिकायची. धुरानं फुप्फुसातल्या पेशी कशा मरतात, हा तिचा अभ्यास.

"काका, दवाखान्यात काकूंच्या छातीतलं पाणी काढलं होतं ना? त्यातल्या पेशी काकूंनीच मला दिल्या. अजून जित्या हायेत."

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"काकू म्हणल्या, सवत कशी मारते ते कळू दे. यांना सांगू नको."

भर दुपारी मी तिच्या कॉलेजात बघायला गेलो. उबेच्या कपाटात बोटभर बाटली, तिच्यातल्या पाण्यात कौशल्याच्या पेशी. रेवती तिला रोज खाऊ घालायची.

मी कौशल्याला 'जेवलीस का' म्हणून कधी विचारलं नव्हतं.

त्या पोरीचा मला राग आला.

माझ्याच पाकिटातली सिगारेट पेटवून तिनं नळीनं बाटलीत धूर सोडला.

...

दोनदा खोकला.

मग बांगड्या वाजल्या.

रेवतीच्या हातात बांगड्या नव्हत्या.

"रोज होतं हे?"

"धूर सोडला की होतं, काका." तिनं सिगारेट विझवली. "बाकी साऱ्या बाटल्या मेल्या. काकूंची मरत न्हाई."

रोज! परक्या पोरीपाशी!

घरी येऊन मी एक पेटवली. वाट बघितली.

काहीच नाही.

उन्हाळ्यात रेवतीचा अभ्यास संपला. तिनं बाटली माझ्या हातात दिली. "काका, नदीत सोडा. सुटू द्या काकूंना."

बाटली आता माझ्या फळीवर आहे. तिला ऊब नाही, खाणं नाही. पाणी कधीच आटलंय.

तरी संध्याकाळी मी झाकण काढून आत धूर सोडतो, आणि...

दोनदा खोकला. बांगड्या.

आता ती फक्त माझ्यापाशी खोकते.

तिला तकलीफ होते, हे मला कळतं.

तिची राख मी कयाधू नदीत सोडली. बाटली सोडायची राहिलीय.