व्हरांड्यातला बाहुला

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. मी बायबलवर हात ठेवून सांगायला तयार आहे.

गेल्या हॅलोविनची संध्याकाळ. ओहायोत, नदीकाठच्या आमच्या छोट्या गावात, आईच्या घराचा व्हरांडा. रात्रही झाली नव्हती. चांगलं दिसत होतं सगळं.

माझे बाबा, व्हर्लिन, काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. माणूस खडूस, पण हॅलोविनला त्यांच्या अंगात यायचं. मुखवटा घालून, बाह्यांतून पेंढा बाहेर काढून ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बाहुल्यासारखे बसायचे. पोरं सोंगं घेऊन चॉकलेटं घ्यायला यायची. "खरा आहे की खोटा?" म्हणत एकमेकांना पुढे ढकलायची. खुर्चीजवळच्या चॉकलेटांच्या टोपलीत हात गेला रे गेला, की बाबा ताडकन उठायचे!

त्याच वर्षी मार्चमध्ये बाबा गेले होते.

आई म्हणाली, "पोरं येतील आणि खुर्ची रिकामी दिसेल. रसेल, तू कर ना काहीतरी."

रसेल माझा धाकटा भाऊ. यंत्रांत त्याचा हात धरणारा गावात नाही. भंगारातल्या ट्रकची वायपरची मोटर आणली. माणसाच्या अंगाची ऊब लागली की चालू होणारा सेन्सर बसवला. लाकडी सांगाडा केला, त्यावर बाबांचं कामावरचं जाकीट चढवलं. बूट बोल्टने फळीला पक्के केले.

"आता कुठे जाल?" बोल्ट आवळताना तो म्हणाला.

हसत म्हणाला. मला ते हसू बोचलं.

रसेलही त्याच कारखान्यात. तिथे संप झाला होता, तेव्हा बाबा संपात राहिले, रसेल फुटला आणि कामावर गेला. "बायको गरोदर होती, जोलीन. कारखान्याचा दवाखान्याचा विमा गेला असता," तो मला किती वेळा म्हणाला असेल! बाबांनी मात्र कधी ऐकून घेतलं नाही. रसेल खोलीत आला, की ते उठून निघून जायचे. भरलं ताट सोडूनसुद्धा. मरेपर्यंत.

गॅरेजमध्ये रसेलने बाहुला पुन्हा पुन्हा तपासला. एकट्यानेच. दर वेळी झकास उठला.

संध्याकाळी पहिली पोरं आली. एक चेटकीण झालेली, एक फायरमन.

पायऱ्या चढली... टोपलीत हात घातला...

काहीच नाही.

दुसरी टोळी आली. तरीही नाही.

समोरच्या घरातला क्लेम ओरडला, "काय रे रसेल, म्हातारा संपावर गेला वाटतं!"

सगळे हसले. रसेलचा चेहरा पडला. तो तरातरा पायऱ्या चढला.

घर्रर्र...

बाहुला उठला.

"चालतोय की!" रसेल खाली उतरला. बाहुला बसला.

मी वर गेले. हात हलवले, समोर नाचले. ढिम्म. आई बाहेर आली. तिने जाकिटाची कॉलर नीट केली. तरी ढिम्म.

रसेलने पायरीवर पाय ठेवला...

उठला.

आता कोणी हसत नव्हतं. रसेलने ओणवं होऊन तार ओढली, बॅटरी काढली, ती छातीशी धरून खाली अंगणात गेला. बाहुला बसला. मग रसेल पुन्हा चढला. का चढला, देव जाणे.

या वेळी मोटरचा आवाज नव्हता.

फक्त लाकूड करकरलं...

बाहुला उठून उभा राहिला.

"खरा आहे," फाटकाजवळची एक चिमुरडी पुटपुटली.

रसेलच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, बसा. एकदा तरी बसा ना माझ्यासमोर."

बाहुला बसला नाही.

रसेल मागे सरत सरत पायऱ्या उतरला... तेव्हा बसला.

रसेल गाडीत बसून गेला तो गेलाच. मी आईला म्हणाले, "आत्ताच्या आत्ता जाळून टाकू हे."

"अजिबात हात लावायचा नाही! माझ्यासमोर बसतात ना? मग राहू देत."

माझी आई आहे, पण मला तिचा संताप आला. अजूनही येतो. पोटचा पोरगा दाराबाहेर आणि ही लाकडाच्या मांडीवर शाल घालते. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला रसेलची खुर्ची रिकामी राहिली, पण टर्कीचा पहिला तुकडा व्हरांड्यात गेला.

रसेल फोनवर एवढंच विचारतो, "बसलेत?"

मी म्हणते, "बसलेत."

गेल्या रविवारी मात्र मी ठरवलं. आईच्या दारात गाडी लावली आणि तिथूनच त्याला फोन केला. "मी आज ते काढून टाकतेय. तू जेवायला ये. मी आहे तुझ्या बाजूने."

खरंच तसं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा.

हातात पाय घेऊन मी... म्हणजे खायचा, भोपळ्याचा गोड पाय, आईने आणायला सांगितलेला... पायऱ्या चढले. खुर्चीकडे बघितलं नाही. दाराच्या मुठीला हात लावला...

मागे लाकूड करकरलं.

आतून आईचा आवाज आला, "कोण गं? रसेल आला का?"

मागे वळायची हिंमत नव्हती.

"नाही आई," मी म्हणाले. "मीच आहे."