अंगठ्याची घाई

तिनं पाण्यातून डोकं वर काढलं, तर भिंतीवरचं मोठं घड्याळ बंद! त्याचा लाल काटा बघूनच तलावातली सगळी पोरं पोहायची. आणि आता घड्याळाखाली शिडी, शिडीवर एक तरुण, त्याच्या दातांत स्क्रू.

"अहो, चालू करा ना! माझी अख्खी फेरी वाया गेली."

त्यानं खाली पाहिलं. दातांतला स्क्रू हातात घेतला. "चालूच होतं. पण खोटं चालत होतं."

"म्हणजे?"

"मिनिटाला पाऊण सेकंद मागे पडत होतं. कधीपासून, ते त्यालाच ठाऊक."

ती काठाला धरून तशीच लटकत राहिली. हिवाळाभर मनात जपलेले तिचे सगळे आकडे एका वाक्यात हलके झाले.

"तुम्हाला आजच यायचं होतं?"

"उद्या आलो असतो तर तुम्ही आणखी एक दिवस खूश राहिला असतात," तो म्हणाला. "पण खोट्या खुशीला गंज लवकर धरतो."

"घड्याळं दुरुस्त करता, की प्रवचनं देता?"

"दुकानात गिऱ्हाईक नसलं की दोन्ही."

राग आला होता… तरी तिला हसू आलं. ते लपवायला तिनं पाण्यात बुडी मारली. वर आली तेव्हा लाल काटा फिरत होता आणि घड्याळवाला शिडीवरून तिच्याकडे पाहत होता.

तिला घरी आणि तलावावर सगळे बेडकी म्हणत. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय बेडकासारखे मारावे लागतात, आणि तिच्यासारखे पाय कुणाचेच नव्हते. नऊ वर्षांची असताना ती उथळ पाण्यात खेळत होती, तेव्हा तलावावर पोहणं शिकवणाऱ्या सरांनी पाहिलं. घोटे इतके बाहेर वळत की पाऊल वल्ह्यासारखं पाण्याला लागे. एवढं देवानं दिलेलं. पुढची अकरा वर्षं सरांनी घेतलेली. एक हिवाळा नुसता श्वास. एक उन्हाळा नुसतं वळण, म्हणजे भिंतीला हात लावायचा आणि फिरायचं, दिवसाला दोनशे वेळा. आई वैतागून म्हणायची, "पोरगी पोहायला जाते, की भिंत ढकलायला?" सरांचं उत्तर ठरलेलं, "वहिनी, अंगातला गुण साखरेसारखा. ढवळला नाही तर तळाशी बसतो."

आता एकच आकडा उरला होता. शंभर मीटर, एक मिनिट, सात सेकंद आणि चाळीस शतांश. त्याच्या आत आली तर जागतिक स्पर्धा. नाही आली तर पुढची संधी दोन वर्षांनी, आणि तोवर घोटे असेच राहतील याची हमी कुणी द्यावी?

सरांचा हात वयानं थरथरू लागला होता. घड्याळवाल्यानं चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरलेली त्यांनी पाहिली, आणि तिथंच विचारलं, "सकाळी दोन तास येशील का रे? हातात स्टॉपवॉच धरायचं, एवढंच."

तो रोज सहाला यायला लागला. तलावाच्या काचेच्या छपरावर वाफ धरलेली असे, क्लोरीननं डोळे चुरचुरत. शनिवारी पूर्ण शंभर मीटरची चाचणी. सरांचा एक नियम होता, पोहणाऱ्याला आकडा लगेच सांगायचा नाही. तीन श्वास होऊ द्यायचे, मग सांगायचा. त्या तीन श्वासांत ती काठाला धरून वर बघे आणि तो वाकून खाली बघे. बाकी काही नाही… पण तेवढंच पुरलं.

"आज तिसरा श्वास फार लांबला," एकदा तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं. "पोहताना तर एवढा दम लागत नाही तुला."

"तुला काय माहीत? तू कधी पाण्यात उतरलायस?"

"मला काठावर उभ्या उभ्या दम लागतो."

टॉवेल देणाऱ्या मावशीचं लक्ष बरोबर होतं. "अगं, हा बाबा घड्याळाकडे बघतो की तुझ्याकडे?"

"मावशी!"

"मला काय बाई… मी आपले टॉवेल मोजते."

आकडे उतरत गेले. एक-सात-नव्वद. एक-सात-साठ. एका शनिवारी थेट एक-सात-अडतीस! सरांनी टोपी हवेत उडवली, ती पाण्यात पडली.

मग पहिली निवड स्पर्धा आली. तिथं भिंतीलाच यंत्र लावलेलं. हात लागला की वेळ थांबते. फलकावर आकडा आला, एक-सात-एक्काहत्तर. महिन्यानं दुसरी. एक-सात-अडुसष्ट. आता एकच स्पर्धा शिल्लक होती, दहा आठवड्यांनी.

सरांना झोप लागेना. "सरावात येतो तो आकडा स्पर्धेत येत नाही. म्हणजे घाबरल्यावर पाय आखडतो. पायच बदलू. उद्यापासून अरुंद मारायचा."

अकरा वर्षांत घडलेला पाय… ती "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? चार दिवसांत गुडघे ठणकायला लागले. दुसऱ्याचे पाय उसने घेऊन पोहावं तसं वाटे. ती कुणाशी बोलेना. घड्याळवाल्याशीसुद्धा.

त्याच आठवड्यात मावशीनं त्याला मोबाइल दाखवला. मागच्या एका शनिवारची अख्खी सकाळ तिनं टिपली होती. "बघ, बहिणीला पाठवायची म्हणून काढली. आपली बेडकी कशी येते बघ."

तो बघत होता. बेडकी भिंतीजवळ आली. स्टॉपवॉच 'टिक' वाजलं. मग तिचा हात भिंतीला 'थाप' लागला.

आधी टिक. मग थाप.

"मावशी, परत लावा."

परत तेच. त्यानं बाकीच्या पोरांच्या फेऱ्या लावल्या. टिक आणि थाप एकाच क्षणी, सुईत दोरा ओवावा तितक्या नेमक्या. त्याचा अंगठा सगळ्यांसाठी बरोबर होता. एकट्या तिच्यासाठी एक तृतीयांश सेकंद आधी.

दिवसभर दुकानात त्यानं एकही घड्याळ उघडलं नाही. सांगितलं तर तलावाचा काठ गेला, ते तीन श्वास गेले, तीही गेली. नाही सांगितलं तर… तिचे पाय मोडून नवे बसवणं चाललंच होतं.

सकाळी ती पाण्यात उतरणार तेवढ्यात तो समोर आला.

"थांब. पाय बदलू नकोस. चूक पायाची नाही."

"मग कशाची?"

त्यानं उजवा अंगठा वर केला. "याची. मी आधी दाबतो. तुझा हात लागायच्या आधी."

"सगळ्यांच्या वेळी?"

"…फक्त तुझ्या वेळी."

"का?"

"मुद्दाम नाही. शेवटचे पाच मीटर उरले की वाटतं, पोचावीस… आता पोचावीस. आणि अंगठा माझं ऐकत नाही." त्यानं खाली मान घातली. "कुणावर जीव जडला की असं होत असेल. मला याआधी अनुभव नाही."

असं काही ऐकायची तिनं किती दिवस वाट पाहिली होती! आणि ऐकलं ते असं.

"म्हणजे तो अडतीस… माझा नव्हताच?" तिचा आवाज चिरकला. "तुझ्या इच्छेवर मी नाचत होते? सरांनी टोपी उडवली ती तुझ्या अंगठ्यासाठी?"

"हो."

"जा इथून."

तो स्टॉपवॉच बाकावर ठेवून गेला.

सर सगळं ऐकून खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे पाय बरोबर होता. आणि मी तोडायला निघालो होतो गं…" त्यांनी तोंडावर टॉवेल धरला. बाजूला केला तेव्हा ते परत सर झाले होते. "खरा आकडा सत्तरच्या आसपास. तीन दशांश कमी पडतात. उतर पाण्यात. जुना पाय."

पाच दिवस गेले. स्टॉपवॉच मावशीनं धरून पाहिलं. तिचं बोट बटण सोडून सगळीकडे पडे. सहाव्या दिवशी बेडकी घड्याळाच्या दुकानात गेली. तो भिंग लावून बसला होता. डोळ्यावरून ते काढायचंही त्याला सुचलं नाही.

"शनिवारी यायचं," ती म्हणाली. "पण पाठ करून उभं राहायचं. थाप ऐकू आली की दाबायचं. माझ्याकडे बघायचं नाही."

"अजिबात?"

"अजिबात."

"आणि तीन श्वास?"

"ते मी माझे घेईन."

"आणि… मी जे बोललो, त्याचं?"

तिनं काउंटरवरच्या काचेवर बोट फिरवलं. "सध्या माझ्या डोक्यात एकाच गोष्टीला जागा आहे. त्याचं उत्तर स्पर्धेनंतर. तोवर विचारायचं नाही."

"बरं."

"आणि ते भिंग काढ. एक डोळा केवढा मोठा दिसतोय!"

मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागला. मागे पाणी सळसळे. तो मान ताठ धरी. थाप. टिक. तीन श्वास. मग भिंतीलाच सांगावं तसा आकडा. एकोणसत्तर. सहासष्ट. परत सहासष्ट. एकदा बहात्तर, आणि मागे ती रडतेय हे त्याला ऐकू आलं. तरी वळला नाही. सरांनी वळणानंतरचा हाताचा पहिला मारा बदलला, वाटेतला एक श्वास कमी केला. साठ. बावन्न. शेवटच्या शनिवारी, तीन श्वासांनंतर, तो म्हणाला, "चव्वेचाळीस."

अजून चार शतांश जास्त. चिमटी मिटायला लागतो त्याहूनही कमी वेळ.

"चाळीस सांगावंसं वाटलं?" तिनं त्याच्या पाठीला विचारलं.

"फार वाटलं."

"मग?"

"चव्वेचाळीस."

त्या दिवशी घरी जाऊन ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

शेवटच्या स्पर्धेला तो गॅलरीत पहिल्या रांगेत बसला. शेजारी सर, पलीकडे मावशी. शिट्टी झाली. आठ जणी पाण्यात. पन्नासला ती तिसरी होती. मावशी डोळे मिटून पुटपुटत होती. वळण झालं आणि ती पाण्याखालून वर आली ती दुसरी. पंचाहत्तर मीटर. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिचे पाय… तेच जुने, रुंद पाय… पाणी मागे लोटत होते. दहा मीटर. पाच. तिनं शेवटचा श्वास घेतलाच नाही. डोकं खाली, हात पुढे—

फलक क्षणभर काळाच राहिला.

मग आकडा आला. एक-सात-सदतीस.

सर उभे होते ते मटकन खाली बसले. मावशीनं डोळे उघडले, "काय झालं? अरे, कुणीतरी सांगा की!" आणि कुणी सांगायच्या आधीच रडायला लागली.

बेडकी पाण्यातून निघाली ती थेट गॅलरीत आली. टोपी हातात, केसांतून पाणी गळतंय. सरांच्या पाया पडली, मावशीला भिजवलं, आणि मग त्याच्यापुढे कठड्याशी येऊन उभी राहिली.

"सदतीस," तो म्हणाला.

"वाचता येतं मला." तिला अजून धाप लागली होती. "परवा जागतिक स्पर्धेच्या शिबिराला निघायचंय. तिकडे आठ महिने सराव. तिकडच्या भिंतीच वेळ मोजतात. तुझं तिथं काही काम नाही."

"माहीत आहे मला."

"मग… बिनकामाचा येशील?"

तो भलतंच बोलला. "बिनकामाचा माणूस फार बडबडतो."

"बडबड."

"आणि दुकान? गावातली निम्मी घड्याळं माझ्याकडे पडलीयत."

तिनं आपला ओला हात कठड्यावरच्या त्याच्या हातावर ठेवला.

"होऊ दे लोकांना थोडा उशीर," ती म्हणाली.