लखनची मूठ

पटो न पटो, पण हे घडलंय. साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या पोटातल्या एका गावात, श्रावणात, कानबाई देवीच्या रविवारी. तेही भर दुपारी. म्हणजे अंधारात भास झाला असेल, असं म्हणायचीही सोय नाही.

लखन फौजेत होता. वर बर्फातल्या चौकीवर हिमकडा कोसळला, तेव्हा त्यानं सोबतच्या योगेंद्रला ओढून बाहेर काढलं. मग बाकीच्यांना काढायला परत गेला...

तो आलाच नाही. देहही सापडला नाही.

गावात शहीद लखनच्या नावाची कमान उभी राहिली. उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्यानं भाषणात त्याचं नावच चुकवलं. तरी टाळ्या पडल्याच.

पण लखनची आई, भिकुबाई, मानायलाच तयार नव्हती.

कानबाईच्या रोटाची रीत अशी, की घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावानं सव्वा-सव्वा मूठ गहू काढायचा. तोच दळायचा, त्याचेच रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, करायचे. पुरुष जिवंत हवा. गेलेल्याची मूठ बंद.

भिकुबाई नवऱ्याची मूठ काढायची. धाकट्या मुलाची, वनाची काढायची. आणि मग लखनची.

भावकीतल्या बायका कुजबुजायच्या. ती त्यांना ऐकवायची, "देह दखाडा, मंग बंद करसू."

लखनची बायको सरिता गहू निवडून पुढे सरकवायची. तिलाही ती मूठ हवीच होती की.

गेल्या वर्षी कानबाईला योगेंद्र मुद्दाम वरणगावहून आला. हाताची बोटं बर्फानं खाल्लेली. रोट भावकीबाहेर देत नाहीत, म्हणून तो ओट्यावर चहा घेत बसला. वना त्याला चिडवत होता, की फौजीभाऊ, रोट पाहिजे तर आधी आमच्यात दत्तक या.

आत ताटं वाढली. लखनचंही.

आणि...

टक.

सगळ्यांचे घास थांबले.

टक... टक.

जमिनीखालून. लखनच्या ताटाच्या बरोब्बर खालून.

सरितानं ताट उचललं. स्टील इतकं गार, की बोटं चिकटली.

वना म्हणाला, घूस असेल. पण योगेंद्र उंबऱ्याशी येऊन उभा होता. चेहरा पांढराफटक.

"वहिनी, असाच आवाज येत होता. बर्फाखालून. आम्ही खणत होतो... मग थांबला."

"थांबला ना?" सरितानं विचारलं.

"आम्हाला ऐकू यायचा थांबला."

भिकुबाई मात्र हसत होती. रडत रडत हसत होती. जमिनीवरून हात फिरवत होती, जसा लेकराच्या पाठीवरून फिरवावा.

"मी सांगं व्हतं ना? मना पोऱ्या जित्ता शे."

जित्ता.

सरितानं ते गार ताट खाली ठेवलं.

जिवंत, म्हणजे कुठे? त्या बर्फाखाली? अजून? गारठ्यात, अंधारात, टकटक करत... आणि मरण येत नाही, कारण घरी कुणीतरी दरसाल त्याची मूठ काढतंय?

वर्षभर तिला नीट झोप लागली नाही.

यंदा भिकुबाईचा हात मोडला. मूठ काढायचं काम सरितावर आलं.

तिनं सासऱ्याची काढली. वनाची काढली.

मग तिचा हात गव्हातच राहिला. मूठ भरायची... सोडायची. भरायची... सोडायची. नवरा पाहिजे होता तिला. पण असा?

खाटेवरून सासूनं विचारलं, "लखननी मूठ काढी का?"

"काढी, माय."

सासूशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली.

ताटं वाढली. सगळे जमिनीकडे कान देऊन बसले.

काहीच नाही.

जेवणं झाली. भांडी घासून झाली.

तरी काहीच नाही.

दुसऱ्याच आठवड्यात फौजेतून फोन आला. बर्फ सरकला होता. लखनचा देह सापडला होता.

तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात आली, तेव्हा मुंगी शिरायला जागा नव्हती. घरच्यांसाठी थोडा वेळ झाकण उघडलं. पुढे फक्त सरिता आणि भिकुबाई.

चेहरा गोठलेला, पण त्याचाच. फक्त...

दाढी. छातीपर्यंत.

कडा कोसळला, त्याच सकाळी त्यानं व्हिडिओ कॉल केला होता. आत्ताच दाढी केली म्हणून गुळगुळीत गाल सरिताला दाखवले होते.

मेलेल्या माणसाची दाढी वाढत नाही.

बाहेर 'अमर रहे'च्या घोषणा चालल्या होत्या. भिकुबाई वाकली. लेकाच्या दाढीवरून तिनं हळूहळू हात फिरवला. मग मान वर न करता विचारलं,

"सरिता... तू मूठ काढी व्हती ना?"

सरितानं अजून उत्तर दिलेलं नाही.

सासूनं पुन्हा विचारलेलं नाही. दोघी रोज एकाच चुलीपाशी बसतात.